दहा नंबरचा खेळाडू आणि कमरेची साक्ष

जून २०२५मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. एका संध्याकाळी मी भाच्याला घेऊन सामने बघायला गेलो होतो. तो तेरा वर्षांचा आहे आणि शाळेच्या संघात नुकताच खेळायला लागलाय. परतताना लोकलमध्ये तो म्हणाला, "मामा, आमच्या सरांनी प्लेमेकर निवडायला सगळ्यांना चाळीस मीटर पळवलं. जो पहिला आला त्याला दहा नंबर दिला."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. सरांना दोष देण्यात अर्थ नाही. घड्याळात जे मोजता येतं त्यावरून निवड करायचा मोह कुणालाही होतो. पण पंधरा जणांच्या रग्बीत दहा नंबरची जर्सी घालणारा, ज्याला फ्लाय-हाफ म्हणतात, त्याचं खरं काम पायांच्या वेगाने होत नाही. ते कशाने होतं हे समजून घेण्यात माझी गेली काही वर्षं मजेत गेली आहेत.

नियम थोडक्यात सांगतो. रग्बीत चेंडू हाताने पुढे टाकता येत नाही, फक्त मागे किंवा आडवा. पुढे न्यायचा तर घेऊन पळायचं किंवा लाथेने मारायचा. खेळाडूंची झोंबाझोंबी झाली की ढिगातून नऊ नंबरचा खेळाडू चेंडू काढतो आणि बहुतेक वेळा दहा नंबरकडे फेकतो. मग पळायचं, पास द्यायचा की किक मारायची, हे दहा नंबर ठरवतो. पास द्यायचा तर जवळच्याला, लांबच्याला की मागून येणाऱ्याला? किक मारायची तर उंच, आडवी की कोपऱ्यात?

आता वेळेचा हिशेब करू. त्याच्या आणि समोरच्या बचावफळीच्या मध्ये दहा मीटर अंतर धरा. बचावपटू सेकंदाला सहा मीटर वेगाने अंगावर येतोय, हा स्वतः चार मीटरने पुढे जातोय. म्हणजे अंतर सेकंदाला दहा मीटरने मिटतंय. एका सेकंदात शंभर किलोचा माणूस छातीवर. त्यातला बराचसा वेळ चेंडू हवेत असतानाच संपलेला असतो.

दिवा लागला की बटण दाबायचं, एवढ्या साध्या कामाला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. यात तुमच्याआमच्यात आणि जागतिक दर्जाच्या खेळाडूत फारसा फरक नसतो. खरा वेळ खातात ते पर्याय. १९५२ साली विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने दिव्यांचा एक प्रयोग मांडला. जो दिवा लागेल त्याची कळ दाबायची. दिवे वाढवले तसा वेळ वाढत गेला, पण सरळ पटीत नाही. पर्याय दुप्पट झाले की वेळात एक ठरावीक भर पडते, अशा प्रयोगांत ती साधारण ०.१५ सेकंदाची असते. गणित येणाऱ्यांनी ओळखलं असेल, हा लॉगॅरिदम आहे. दोन पर्याय म्हणजे एक दुप्पट, चार म्हणजे दोन, आठ म्हणजे तीन. आठ पर्यायांना ०.२ अधिक ०.४५, म्हणजे ०.६५ सेकंद. दोनच पर्याय उरले तर ०.३५. वाचलेले ०.३ सेकंद म्हणजे वरच्या हिशेबाने तीन मीटर मोकळी जागा!

पुढच्याच वर्षी रे हायमन यांनी यात भर घातली. सगळे दिवे सारखेच लागत नसतील, एखादा वारंवार आणि एखादा क्वचित लागत असेल, तर वारंवार लागणाऱ्याला माणूस पटकन प्रतिसाद देतो आणि क्वचित लागणाऱ्याला फार उशिरा. म्हणजे वेळ पर्यायांच्या नुसत्या संख्येवर नाही, तर मनातल्या अनिश्चिततेवर ठरतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनासाठी माहिती मोजायचं जे माप दिलं, ते बिट, इथे जसंच्या तसं लागू पडतं. टेलिफोनच्या तारांसाठी केलेलं गणित रग्बीच्या मैदानावर चालतं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

यातून दहा नंबरची दोन कामं निघतात. एक, चेंडू हातात येण्याआधी स्वतःची अनिश्चितता कमी करायची. दोन, समोरच्याची वाढवायची.

पहिलं काम नजरेचं आहे. चेंडू यायच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत चांगला दहा नंबर मान वळवून पाहून घेतो. समोरच्या संघाचा फुल-बॅक, म्हणजे सगळ्यात मागे राखण करणारा, कुठे उभा आहे? विंगर, म्हणजे अगदी कडेचा खेळाडू, पुढे सरकलाय का? बचावफळीत दोन प्रॉप, म्हणजे जाडजूड पण संथ गडी, शेजारी शेजारी सापडलेत का? सापडले असतील तर त्यांच्या बाहेरच्या बाजूला फट पडणार. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी फुटबॉलपटूंवर केलेल्या कामात हेच दिसलं, की चेंडू मिळण्याआधी जास्त वेळा आजूबाजूला पाहणाऱ्यांचे पास जास्त वेळा जमतात. पण नुसतं पाहून उपयोग नसतो, पाहिलेल्याचा अर्थ लागावा लागतो. १९७३मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंना पट पाच सेकंद दाखवला आणि मोहरी आठवून मांडायला सांगितली. खऱ्या डावातली मांडणी असेल तर मास्टर नवख्याच्या कितीतरी पुढे. मोहरी वाटेल तशी विखुरली, तर ती आघाडी जवळजवळ गायब. म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती वेगळी नव्हती, त्याच्या डोक्यात ओळखीच्या आकृत्या साठलेल्या होत्या. दहा नंबरच्या डोक्यातही अशाच आकृत्या असतात. त्याला तीस माणसं दिसत नाहीत, ओळखीचे तीन-चार पुंजके दिसतात.

दुसरं काम मला सगळ्यात प्रिय आहे. ते म्हणजे हूल.

खो-खोत पळणारा झुकांडी देतो, कबड्डीत चढाई करणारा हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे टाकतो, तसाच रग्बीतला धावणारा खांदे डावीकडे नेऊन उजवीकडे सटकतो. यामागचं भौतिकशास्त्र शाळेतल्या न्यूटनच्या नियमांइतकंच आहे. शरीराचा गुरुत्वमध्य उभं असताना बेंबीच्या किंचित खाली, कमरेच्या पातळीवर असतो. मान वळवणं, डोळे फिरवणं, खांदे झुकवणं ही शरीराच्या आतली देवाणघेवाण आहे. एक भाग एकीकडे गेला की उरलेला थोडा दुसरीकडे जातो. अशा आतल्या बळांनी गुरुत्वमध्याची दिशा बदलत नाही. ती बदलायला बाहेरचं बळ लागतं, आणि मैदानावर ते देणारी एकच गोष्ट आहे: जमीन.

आकडे घालून पाहा. नव्वद किलोचा खेळाडू सेकंदाला पाच मीटर वेगाने सरळ पळतोय. त्याला ४५ अंशांत वळायचंय, तर बाजूच्या दिशेने साधारण साडेतीन मीटर प्रति सेकंद वेग मिळवायला हवा. पाय जमिनीवर ०.२ सेकंद टेकला, तर त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, होतं दर सेकंदाला साडेसतरा मीटर प्रति सेकंद. नव्वद किलोने गुणलं की जवळपास १,६०० न्यूटन, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पावणेदोन पट बळ, तेही आडवं. एवढा रेटा घ्यायचा तर पाय कमरेच्या बाहेर, दूर रोवावा लागतो. तो नीट रोवला जाईपर्यंत कंबर आहे त्याच दिशेने जात राहते. खांदे खोटं बोलू शकतात, डोळे तर सर्रास बोलतात. कमरेला ती सोय नाही.

सेबास्तियाँ ब्रॉ, कॅथी क्रेग आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी हेच तपासलं. २०१०च्या अभ्यासात त्यांनी खऱ्या खेळाडूंच्या हुलकावण्यांची हालचाल टिपली. फसवण्यात यशस्वी झालेल्या खेळाडूंत डोकं, वरचं धड आणि बाहेर पडणारं पाऊल यांची हालचाल मुद्दाम वाढवलेली होती. गुरुत्वमध्याची आणि कमरेखालच्या धडाची हालचाल मात्र कमीत कमी ठेवलेली होती. २०१२मध्ये त्यांनी आभासी वास्तवाचा चष्मा लावून बचावपटूंना असे धावणारे दाखवले आणि हालचाल मध्येच तोडली. आता सांगा, कुठे जाणार? नवखे खांद्यांना आणि डोक्याला भुलले. अनुभवी खेळाडूंचे अंदाज गुरुत्वमध्याशी जुळले, आणि अंगाची हालचाल सुरू करण्याआधी ते जरा जास्त वेळ थांबले. उशिरा हलणारा जास्त बरोबर ठरला!

आता हायमनचा क्वचित लागणारा दिवा आठवा. आयर्लंडचा दहा नंबर जॉनी सेक्स्टन एक चाल वर्षानुवर्षं खेळला. तो चेंडू घेऊन बचावफळीवर सरळ जायचा, अगदी जवळ गेल्यावर बाहेरच्या बाजूच्या साथीदाराला छोटा पास द्यायचा. समोरच्या बचावपटूच्या दृष्टीने त्याचं काम संपलं, त्याची नजर नव्या चेंडूवाल्यावर. तेवढ्यात सेक्स्टन त्या साथीदाराच्या पाठीमागून वळसा घालून पलीकडे निघालेला असायचा, आणि चेंडू पुन्हा त्याच्याच हातात. बचावाच्या हिशेबात एक माणूस अचानक जास्त झाला. ज्या दिव्याची शक्यता शून्य धरली होती, तोच लागला.

असा खेळाडू हेरायचा कसा? तेरा-चौदाव्या वर्षी हेरणं फार अवघड आहे. त्या वयात एक मुलगा वयात आलेला असतो आणि दुसरा अजून लहानखुरा. लवकर वाढलेल्याला हूल शिकायची गरजच पडत नाही, तो धडक देऊन पुढे जातो. सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्याएवढे होतात, तेव्हा त्याच्यापाशी दुसरं काही नसतं. न्यूझीलंडमध्ये काही ठिकाणी लहान मुलांचे गट वयाबरोबर वजनानेही पाडतात, त्याचं एक कारण हेच. लहान चणीचा मुलगा त्यामुळे खेळात टिकतो आणि डोकं वापरत राहतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे बोटांचे ठसे घेऊन मुलाचा कल सांगणाऱ्या 'डीएमआयटी' चाचण्यांचं पेव फुटलंय. तुमचा मुलगा खेळाडू होईल की संगीतकार, हे म्हणे ठशांवरच्या रेषांत दिसतं. हे हस्तसामुद्रिकच आहे, फक्त संगणकाने छापलेलं. बोटांवरच्या रेषा गर्भात असतानाच ठरतात आणि निर्णयक्षमतेशी त्यांचा संबंध दाखवणारा कुठलाही भक्कम पुरावा नाही. पालकांनी यासाठी एक रुपयाही देऊ नये. तितकंच ओढूनताणून सांगितलं जातं ते 'दहा हजार तासां'चं, म्हणजे एवढे तास सराव केला की कुणीही तरबेज होतो, असं. २०१४मध्ये मॅकनमारा, हॅम्ब्रिक आणि ऑस्वाल्ड यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा खेळातल्या कामगिरीतल्या फरकांपैकी सुमारे १८ टक्के फरकच जाणीवपूर्वक सरावाने समजावता आला. सराव हवाच. पण कसला, हे विचारल्याशिवाय तास मोजून काही कळत नाही.

किकचा सराव एकट्याने होतो. गोलखांब हलत नाहीत, चेंडू वाट पाहतो. इंग्लंडचा जॉनी विल्किन्सन डावखुरा किकर. २२ नोव्हेंबर २००३ला सिडनीत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जादा वेळ संपत आला असताना त्याने उजव्या पायाने ड्रॉप गोल (चेंडू हातातून जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून मारलेली किक) मारला आणि इंग्लंड २०-१७ने जिंकलं. दुबळा पाय असा घडवता येतो, एकट्याने, मोकळ्या मैदानावर. निर्णय मात्र तिथे घडत नाही. प्लास्टिकच्या शंकूभोवती पळून हूल शिकता येत नाही, कारण शंकूला कंबर नसते आणि शंकू फसतही नाही. समोर जिवंत बचावपटू हवा, मग तो तीनास तीनचा छोटा खेळ असला तरी चालेल.

म्हणूनच व्यावसायिक संघाची खरी अडचण जर्सीची असते. दहा नंबरची जर्सी एकच, आणि जिवंत सराव सर्वांत जास्त तिच्यातच मिळतो. डब्लिनच्या लेन्स्टर संघात सेक्स्टन २००६पासून होता, पण पुढे जागा अर्जेंटिनाच्या फेलिपे काँतेपोमीची. २ मे २००९ला क्रोक पार्कवर ८२,२०८ प्रेक्षकांसमोर आयर्लंडच्याच मन्स्टर संघाविरुद्ध युरोपियन चषकाच्या उपांत्य सामन्यात काँतेपोमी जखमी झाला. तेवीस वर्षांचा सेक्स्टन आत आला आणि त्याचं पहिलंच काम होतं पेनल्टी मारणं. ती खांबांमधून गेली. लेन्स्टर २५-६ने जिंकलं, आणि तोच पुढे आयर्लंडसाठी ११८ कसोटी खेळला. मग अडचण उलटी झाली. जोई कार्बरी हा गुणी तरुण त्याच्या मागे अडकला आणि दहा नंबरवर खेळायला मिळावं म्हणून २०१८मध्ये मन्स्टरला गेला. सेक्स्टन अडतिसाव्या वर्षी, २०२३च्या विश्वचषकानंतर निवृत्त झाला. जॅक क्राउलीने २०२४ची सिक्स नेशन्स, ही युरोपातल्या सहा देशांची स्पर्धा, जिंकून दिली, त्याच वर्षअखेरीस सॅम प्रेंडरगास्ट आला, आणि कुणाला किती मिनिटं द्यायची यावर आयर्लंडमध्ये घराघरांत वाद झाले. मला तो वाद अगदी योग्य वाटतो. सामन्यातली मिनिटंच तर वाटायची आहेत.

भाच्याला अजून दहा नंबर मिळालेला नाही, तो बारा नंबरवर खेळतो. आम्ही रविवारी ३ फेब्रुवारी २०१८चा पॅरिसचा सामना लावतो, ज्यात आयर्लंडने शेवटी सलग ४१ टप्पे (एका झोंबाझोंबीपासून पुढचीपर्यंत एक टप्पा) चेंडू राखला आणि सेक्स्टनच्या ड्रॉप गोलवर फ्रान्सला १५-१३ने हरवलं. नऊ नंबर चेंडू उचलायला वाकला की मी चित्र थांबवतो. भाचा सांगतो: जवळ, लांब, किक, की स्वतः पळणार. मग पुढे सोडायचं. पहिल्या रविवारी दहापैकी तीन बरोबर आले. मागच्या रविवारी दुसराच सामना लावला, भाच्याने न पाहिलेला, तरी सहा आले. तो आकडे वहीत लिहून ठेवतो, आणि हल्ली समासात बारीक अक्षरात लिहायला लागलाय: 'विंगर पुढे होता', 'कंबर आत होती'.