ऑनलाइन शाळा : सांगली जिल्ह्यातील घरगुती उपयोग

ऑनलाइन शाळा म्हणजे मोबाइल, संगणक किंवा टीव्हीच्या पडद्यावरून घरी होणारे शालेय शिक्षण. शिक्षक ठरल्या वेळी थेट तास घेतात, किंवा धडा आधीच चित्रित करून पाठवतात आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर गृहपाठाचे फोटो मागवतात. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि हा शब्द जिल्ह्यात घरोघरी पोहोचला. केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे ऑनलाइन धड्यांचे व्यासपीठ २०१७ पासून होते, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोडही आले होते. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. ज्या घरात मोबाइल एकच आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, तिथे टीव्हीवरचा हा धडा मोठा आधार होता.

रोजच्या जगण्यात पहिला फायदा जाणवतो तो वेळेचा. जत, आटपाडी तालुक्यांत वस्त्या शेताशेतांत विखुरलेल्या आहेत. वस्तीवरून गावातली शाळा पायी गाठायची, पुढच्या इयत्तांसाठी एसटीने दुसऱ्या गावी जायचे. मुलींना पाचवी ते बारावी पास मोफत मिळतो, पण फाट्यावर गाडीची वाट पाहण्यात गेलेला तास काही परत मिळत नाही. तास घरी असला की सकाळची धांदल टळते, मूल गरम भाकरी खाऊन अभ्यासाला बसते, तापाने झोपलेल्या मुलाचा धडाही बुडत नाही. मात्र वाचलेला वेळ मुलाचाच राहायला हवा. तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात एप्रिलची खरड छाटणी किंवा ऑक्टोबरची फळछाटणी आली की घरातला प्रत्येक हात बागेत लागतो. 'घरीच तर आहेस' म्हणून मुलाला तासावरून उठवणे अशा वेळी फार सोपे असते, आणि मुलीला तर आधी उठवले जाते. चित्रित केलेला धडा रात्री ऐकता येतो हे खरे, पण दिवसभर राबलेले मूल रात्री धड्यासमोर पेंगते.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे घराला अभ्यास ऐकू येऊ लागतो. एरवी पालकांना शाळा कळते ती प्रगतिपुस्तकापुरती. ओट्याशेजारी टेकवलेल्या मोबाइलवर अपूर्णांकांचा तास चालू असला, की भाकरी थापता थापता आईच्या ध्यानात येते : लेक बेरजेत चुकत नाही, छेद समान करताना अडते. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला तोच धडा पुन्हा ऐकायला मिळतो. आजी कविता ऐकून आपल्या वेळची चाल म्हणून दाखवते. न समजलेले उदाहरण चार वेळा मागे नेऊन पाहता येते. वर्गात चौथ्यांदा हात वर करायला फार धीर लागतो.

जिल्ह्याची म्हणून एक खास गरज आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली अनेक कुटुंबे गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या कामात, केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पसरलेली आहेत. तिथे वाढणाऱ्या मुलांची शाळेची भाषा वेगळी असते. मराठी बोलता येते, पण वाचताना ती अडखळतात. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मिळतात, मराठीतले धडेही मोबाइलवर येतात, त्यामुळे परमुलखातही अक्षरओळख टिकवता येते. मूल गावी आजी-आजोबांकडे ठेवले असेल, तर शेकडो मैलांवरचा बाप रात्री दुकान बंद करून त्याच दिवशीची वही पाहू शकतो. पूर्वी हे दिवाळीला किंवा यात्रेला आल्यावरच घडे.

कृष्णाकाठी पुराचाही विचार करावा लागतो. सांगली शहरातल्या आयर्विन पुलाजवळ नदीची धोका पातळी ४५ फूट आहे; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, जुलै २०२१ मध्येही ते शहरात शिरले. शाळांच्या खोल्या अशा वेळी निवाऱ्यासाठी लागतात, म्हणून कोरड्या भागातल्या मुलांचीही शाळा थांबते. त्यांचा अभ्यास ऑनलाइन चालू राहू शकतो. वीज गेली, मोबाइल बंद पडला की तोही मार्ग संपतो.

पडद्यासमोरच्या वेळेसाठी केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांनी (जुलै २०२०) पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे सुचवली, नववी ते बारावीला चार. शाळेतली खिचडी, मैदान आणि मैत्रिणी मात्र पडद्यावरून मिळत नाहीत, म्हणून सांगलीकडच्या बहुतेक घरांत ऑनलाइन तास हा शाळेला जोड म्हणूनच शोभतो.

शाळा उघडल्यावरही मोबाइल मुलांच्या हातातून सुटेना, तेव्हा कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक रीत घातली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद होतात आणि मुले वह्या-पुस्तके घेऊन बसतात. दुसरा भोंगा साडेआठला होतो.