धुपीचा आकडा दुप्पट येतोय? आधी उताराची लांबी तपासा

आमच्या संकेतस्थळावर जमिनीची धूप किती होते याचं गणित काढणाऱ्या शेतकऱ्यांचे फोन बहुधा एकाच कारणाने येतात. "एवढी माती जाते म्हणून दाखवतंय, तुमचं गणित चुकलंय का?" भरलेली माहिती उघडून पाहिली की 'उताराची लांबी' या रकान्यात अख्ख्या शेताची लांबी सापडते, मोजणीच्या नकाशावरून उचललेली.

उताराची लांबी म्हणजे पाणी वाहायला लागतं तिथून ते जिथे अडतं, गाळ टाकतं किंवा ओढ्याला मिळतं तिथपर्यंतचं अंतर. शेत १८० मीटर लांब, पण दर ४५ मीटरला धड बांध असेल, तर ४५ भरायचे. बांध फुटलेला असेल तर तो नाही असंच धरायचं आणि पुढच्या बांधापर्यंत मोजायचं. वरच्या शेजाऱ्याचं पाणी तुमच्यात उतरत असेल तर मोजणी त्याच्या शेतातून सुरू होते. हे बरेच जण विसरतात.

पाऊस, माती, उतार, पीक आणि बांधबंदिस्ती यांचा या गणितात गुणाकार होतो, त्यामुळे एक रकाना चुकला की सगळं उत्तर बिघडतं. ५ टक्के आणि त्याहून जास्त उतारावर लांबी चौपट भरली, तर धूप थेट दुप्पट दिसते.

"उपग्रहावरून आपोआप का घेत नाही?" असंही विचारतात. उंचीच्या मोफत नकाशांत एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो. दोन फुटांचा बांध त्यात दिसत नाही. म्हणून बांधांतलं अंतर न भरलेला अर्ज आम्ही परत पाठवतो. थोडा त्रास होतो, पण चुकीच्या आकड्यावर बांधाचा खर्च ठरू नये.

उतार टक्क्यांत भरा. मोबाईल अंश दाखवतो. ५ अंश म्हणजे जवळपास पावणेनऊ टक्के. गवंड्याची पाण्याची नळी यापेक्षा बरी: १० मीटर अंतरावर पातळीत ५० सेंटिमीटर फरक आला की ५ टक्के. पावसासाठी जिल्हा नको, तालुका निवडा. खानापूर आणि अथणी एकाच बेळगाव जिल्ह्यात असले तरी खानापुरात पाऊस दुपटीहून जास्त.

उत्तर येतं ते वर्षाच्या सरासरीचं. परवाच्या वळिवात किती माती गेली, हे त्यातून कळत नाही. पडलेली मोठी घळही त्यात धरलेली नसते. आणि हेक्टरी १३ टन वाचून दचकू नका, पण सोडूनही देऊ नका. तो जेमतेम १ मिलिमीटरचा थर आहे, म्हणूनच नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

संकेतस्थळावरचं गणित मोफत आहे. बांधांची आखणी हवी असेल तर आम्ही शेतावर येऊन लेव्हल लावतो, त्याचे पैसे आधी सांगतो. पेरणीपूर्वी, रान मोकळं असताना बोलवा, आणि त्या दिवशी वरच्या शेताचा मालकही हजर असेल असं बघा.