खुलासा: सिम्युलेशन केले म्हणून बाटलीची चाचणी टळत नाही
संगणकावर ब्लो मोल्डिंगचे (तापवलेले प्लास्टिक साच्यात हवेने फुगवून बाटली बनवण्याच्या पद्धतीचे) सिम्युलेशन, म्हणजे आभासी चाचणी, केले की साचा थेट उत्पादनाला लावता येतो, हा समज जुना असला तरी खरा नाही. संगणक प्रीफॉर्मचे (ज्यातून बाटली फुगवतात त्या नळीसारख्या प्लास्टिकच्या तुकड्याचे) बारीक भाग कल्पून स्ट्रेच रॉड (त्याला आतून लांबीत ताणणारी दांडी) आणि दाबाची हवा यांमुळे प्रत्येक भाग किती ताणला जाईल ते काढतो. पण पीईटी या बाटल्यांच्या प्लास्टिकचा प्रीफॉर्म साधारण 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, तरी त्याच्या लांबीभर तापमान सारखे नसते, आणि ते चुकीचे गृहीत धरले तर बाटलीच्या भिंतीच्या जाडीचे उत्तर (चित्र कितीही रंगीत असो) चुकतेच. साच्याला टेकलेला भाग थंडावून जवळजवळ ताणायचा थांबतो, म्हणून शेवटी भरणारे तळाचे कोपरे पातळ राहतात. हा धोका सिम्युलेशन आधीच दाखवते आणि चाचण्या कमी करते. तरीही पहिल्या बाटल्या कापून जाडी मोजावी लागते आणि त्यावरून गृहीत तापमान सुधारावे लागते.