सडपातळ अंगातली चरबी

"अंगानं एवढा किडकिडीत, त्याला कसली शुगर?" हे आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. माझ्या मते या एका समजुतीनं आपलं फार नुकसान केलं आहे.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं शेजारी-शेजारी छायाचित्र आलं होतं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! काट्यावर हा फरक दिसत नाही, कारण जिथं चरबी जास्त तिथं स्नायू कमी असतात. वजन तेवढंच भरतं.

ती चरबी साठते कुठं, हेही महत्त्वाचं. कातडीखालची चरबी त्या मानानं निरुपद्रवी. पण ती कणगी लहान असेल तर लवकर भरते, आणि मग जादा चरबी यकृतात, स्नायूंत, आतड्यांभोवती जाऊन बसते. तिथं ती इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, नीट काम करू देत नाही. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडत राहतं आणि शेवटी थकतं. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स ही चरबी वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, आणि हृदयाला धोका वाढतो. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका या देशांत पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतर देशांत जवळपास ५९व्या, असं ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दिसलं. सहा वर्षं आधी, म्हणजे घरातला कर्ता माणूस अजून नोकरीत असताना.

हे सगळं बैठ्या कामावर आणि तळकटावर ढकलून मोकळं होता येत नाही. १९९३ पासून याज्ञिकांच्या चमूनं पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदर राहण्याआधीपासून नोंद ठेवली. बाळ जन्मलं की वजन, लांबी, डोकं, दंड, पोट यांची मापं घ्यायची. मग खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमटीत धरून कॅलिपरनं जाडी बघायची. बाळांचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. पोटाचा आणि दंडाचा घेर पुष्कळच कमी. पाठीवरच्या चरबीत मात्र तितकी तूट नव्हती. म्हणजे उपाशी गर्भानं स्नायू आणि पोटातल्या अवयवांना कात्री लावली, चरबी राखली.

या आया शेतात राबणाऱ्या. ज्यांच्या आहारात दूध, हिरव्या पालेभाज्या, फळं जास्त, त्यांची बाळं अंगानं बरी निघाली. बहुसंख्य आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, अशा मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वांत जास्त आढळला. याचा अर्थ गरोदरपणी फोलिक ॲसिडची, म्हणजे फोलेटचीच, गोळी बंद करायची असा नाही; ती बाळाच्या मज्जारज्जूसाठी लागतेच. पण शाकाहारी घरात बी-१२ कडे काणाडोळा नको.

आपल्यासाठी मापंही वेगळी आहेत. बीएमआय २३ झाला की वजन जास्त, २५ला लठ्ठपणा. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे टेप. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८०च्या आत हवी. घरात आई-वडिलांना मधुमेह असेल आणि कंबर याच्यावर गेली असेल, तर काटा काहीही म्हणो, शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. पोट कमी करायला चालणं चांगलंच, पण स्नायू वाढवायचे तर जोर-बैठका किंवा वजनं उचलणं, आणि ताटात डाळी-कडधान्यं, दूध, अंडी वाढवणं, याला पर्याय नाही. आपल्या बायकांना हे कुणी सांगतच नाही.

२०१२ पासून त्याच गावांतल्या, त्याच अभ्यासात जन्मलेल्या मुला-मुलींना लग्नाआधीच बी-१२च्या रोज २ मायक्रोग्रॅम इतक्या अल्प मात्रेच्या गोळ्या द्यायला सुरुवात झाली. एरवी मधुमेहाचा विचार चाळिशीत सुरू होतो. इथं तो पुढच्या पिढीच्या गर्भधारणेआधीच सुरू केला गेला.