ड्रिल मास्तर, आखाडा आणि आपली क्रीडाविज्ञानाची पदवी

बारावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या ग्राउंडवर दरवर्षी कोणी ना कोणी बाप पोराला घेऊन येतो. पोरगं धावण्यात नाहीतर कबड्डीत बरं असतं, मार्क बेताचे असतात. बाप विचारतो, "सर, याले पीटीच्या कॉलेजात टाकू का? मास्तर होईन काय थो?"

त्या पोराच्या हाती पुढे जो अभ्यासक्रम पडतो त्यात शरीररचनाशास्त्र असतं, व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र असतं, जैवयांत्रिकी, क्रीडामानसशास्त्र, मापन आणि मूल्यमापन असतं. बापाच्या डोळ्यापुढे शिट्टी आहे आणि पुस्तकात प्रयोगशाळा आहे. या दोन गोष्टी एकाच पदवीत कशा आल्या, हे आमच्या भागात कोणी नीट सांगत नाही. मला स्वतःला ते पदवी हातात आल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात ड्रिल मास्तरापासून करावी लागते. इंग्रजी अमलातल्या शाळांत व्यायाम म्हणजे कवायत, आणि ती घ्यायला बहुधा पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार. रांग धरा, हात वर, हात खाली, डावा-उजवा. त्याला शरीर कसं चालतं हे माहीत असण्याची गरज कोणालाच वाटत नव्हती. पोरं शिस्तीत राहिली की काम झालं. आजही शाळेत खेळाच्या शिक्षकाकडे प्रार्थनेची रांग आणि १५ ऑगस्टची परेड सोपवून बाकी सगळे मोकळे होतात, त्याचं मूळ तिथं आहे.

गावात मात्र व्यायामाचा दुसरा झरा वाहत होता. आखाडा, तालीम, नागपंचमीच्या कुस्त्या, आमदंगल, जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब. या झऱ्याला वऱ्हाडात संस्थेचं रूप मिळालं ते अमरावतीत. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला. तीच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर ओळखली गेली. वैद्य बंधूंनी केलेली मोठी गोष्ट अशी, की उस्तादाच्या हातातली विद्या त्यांनी वर्गात आणली. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षणवर्ग भरत, दूरदूरची पोरं येत, शिकून परत जात आणि आपल्या गावी व्यायामशाळा काढत. क्रांतिकारक राजगुरूही काही काळ इथे शिकले. त्या काळात शरीर कमावणं हे देशकार्यच होतं, आणि अमरावतीच्या मातीत ही भावना इतकी मुरली होती की आमच्या पिढीपर्यंत ती पोचली.

१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाचं पथक तिकडे गेलं आणि कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ त्यांनी परदेशी लोकांपुढे करून दाखवले. ही गोष्ट अमरावती जिल्ह्यातल्या प्रत्येक खेळाडूने ऐकलेली असते. मला मात्र त्यानंतरचा, १९४९चा प्रवास जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षी मंडळाचं पथक स्वीडनमध्ये स्टॉकहोमला दुसऱ्या लिंगियाडसाठी गेलं. लिंगियाड हा व्यायामाचा जागतिक मेळावा, पेर हेन्रिक लिंग यांच्या नावाने भरलेला. या लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामशिक्षकांसाठी केंद्रीय संस्था काढली होती, आणि शाळेतल्या कवायतीचा जो साचा जगभर पसरला त्यात त्यांच्या पद्धतीचा वाटा मोठा आहे. म्हणजे आमच्या शाळेतल्या "हात वर, हात खाली"चे एक आजोबा हेच. पण आमचं पथक तिथे पोचलं तेव्हा ती संस्था बदलत होती. तिथे शरीरक्रियाशास्त्राचं काम जोरात सुरू झालं होतं. थोड्याच वर्षांत पेर-ओलोफ ओस्ट्रांड यांच्यासारखे संशोधक तिथूनच पुढे आले. कवायतीचं माहेर प्रयोगशाळा होऊ लागलं होतं, आणि त्याच वेळी वऱ्हाडची पोरं त्या शहरात मल्लखांबावर चढून दाखवत होती. दोन्ही झरे तेव्हा एका गावात होते. मिसळले मात्र नाहीत.

आपल्याकडे असं मिसळण्याचा प्रयत्नच झाला नाही असं नाही. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, हे बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. आसन आणि प्राणायाम केल्यावर शरीरात नेमकं काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि रक्तदाबाची मापं घेऊन तपासायला सुरुवात केली आणि त्याचं संशोधन-नियतकालिकही काढलं. व्यायामाकडे असं मोजून पाहणारा माणूस मराठी मुलखात शंभर वर्षांपूर्वी होता. त्यांचं काम योगाच्या अंगाने पुढे गेलं. जोर-बैठका, कुस्ती, कबड्डी यांना असा मोजणारा भेटला नाही. ही आपली मोठी हानी झाली असं माझं मत आहे.

पदवीचा रस्ता वेगळाच निघाला. मद्रासला १९२० साली हॅरी क्रो बक यांनी वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं आणि देशात प्रशिक्षित व्यायामशिक्षक तयार होऊ लागले. मुंबईजवळ कांदिवलीला १९३८ साली सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. स्वातंत्र्यानंतर, १८५७च्या उठावाला शंभर वर्षं झाली त्या १९५७ साली, ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने महाविद्यालय उघडलं आणि तिथे शाळा संपल्यानंतरची तीन वर्षांची पूर्ण पदवी आली, बीपीई, म्हणजे बॅचलर ऑफ फिजिकल एज्युकेशन. अमरावतीत मंडळाच्या आवारातही पुढे पदवी महाविद्यालय उभं राहिलं. १९८३ साली अमरावती विद्यापीठ झालं, २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं, तशी ही शिक्षणं नागपूरवर अवलंबून न राहता जवळ येत गेली.

या सगळ्या पदव्यांचा हेतू एकच होता: शाळेला शिक्षक पुरवणे. म्हणून आजही अध्यापनाची बीपीएड ही पदवी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांत बसते, आणि २०१४च्या नियमांनी ती एका वर्षाची दोन वर्षांची झाली. बारावीनंतरची बीपीई किंवा बीपीईएस वेगळी, तिच्यानंतरची बीपीएड वेगळी. गावाकडची पोरं या दोन्हींत गोंधळतात आणि तीन वर्षं शिकून झाल्यावर "आता शाळेत लागू शकतो ना सर?" असं विचारतात. प्रवेशाच्या दिवशी कळायला हवं ते तेव्हा कळतं.

आणि शाळाच आता तेवढ्या राहिल्या नाहीत. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक आहे, पण तिथे अट आहे शंभरावर पटसंख्येची. मेळघाटातली, झरी-जामणीकडची, एटापल्ली-भामरागडची जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांपुढे आणा. तिथे शंभराचा पट कुठून येणार? जिथे मुलांना खेळाच्या माणसाची गरज सगळ्यांत जास्त, तिथेच तो कागदावरसुद्धा येत नाही. ज्या नोकरीसाठी पदवी निघाली ती नोकरी आटली आणि पदवी मात्र तशीच चालू राहिली, आमच्या पोरांची आजची अडचण ही आहे.

अमेरिकेत यापेक्षा वेगळी पण तितकीच मोठी अडचण १९६३ साली आली होती. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी शिक्षक-प्रशिक्षणाची पाहणी करून सांगितलं, की शारीरिक शिक्षणाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम बंदच करावेत, त्यात दम नाही. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे फ्रँकलिन हेन्री यांनी लेख लिहून मांडलं, की माणसाच्या हालचालीचा अभ्यास ही स्वतंत्र विद्याशाखा आहे, ती केवळ शिक्षक घडवण्यासाठी नाही. त्यानंतर तिकडच्या विभागांची नावंच बदलत गेली, व्यायामविज्ञान, क्रीडाविज्ञान अशी. आपल्याकडच्या पदव्यांच्या नावांत आणि विषयांत ही हवा बरीच उशिरा शिरली. २०१८ साली मणिपूरला राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा झाला, २०२० साली महाराष्ट्राने आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा केला. आमच्या पोरांच्या हातातल्या पुस्तकांत मात्र विषय आले, त्यांच्याबरोबर यायची यंत्रं नाही आली.

यंत्रं नाहीत म्हणून विज्ञान नाही, असं मीही कित्येक वर्षं समजत होतो. मग या शास्त्राचा इतिहास वाचला. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ही आज सगळीकडे बोलली जाणारी कल्पना इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांची. त्यांना १९२२चं नोबेल मिळालं ते स्नायूंच्या कामासाठी. १९२३ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी लप्टन यांनी जे प्रयोग छापले त्यांतले महत्त्वाचे प्रयोग गवतावर आखलेल्या लहानशा गोल धावपट्टीवरचे आहेत. पाठीवर पिशवी बांधून धावायचं, बाहेर टाकलेला श्वास त्या पिशवीत धरायचा, मग मोजायचा. धावणारे बहुतेकदा हे संशोधकच. १९६८ साली अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर केनेथ कूपर यांनी तर पिशवीही काढून टाकली: १२ मिनिटांत माणूस किती मीटर धावतो ते पाहा, त्यातून ५०४.९ वजा करा, ४४.७३ने भागा. २४०० मीटर धावणाऱ्या पोराचा आकडा ४२.४ येतो, म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण ४२ मिलिलिटर प्राणवायू. हा अंदाज आहे, अचूक माप नाही. पण चुन्याने आखलेल्या शाळेच्या मैदानावर दर महिन्याला तो काढता येतो, आणि पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी घाम गाळणाऱ्या पोराला आपण सुधारतो आहोत की नुसते थकतो आहोत, हे त्यातून कळतं. पहाटे आमच्या डांबरी रस्त्यांवर जी पोरं-पोरी भरतीसाठी धावतात त्यांच्यातल्या बहुतेकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. रोज तेच अंतर, रोज तोच जीव तोडून वेग, आणि महिनाभरात नडगी धरून बसणं.

उन्हाचं तर काय सांगावं. हार्वर्डची थकव्याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा, १९२७ ते १९४७, या शास्त्राची जननी मानतात. तिथली माणसं १९३२ साली वाळवंटात हूवर धरणाच्या कामावर गेली, कारण मजूर उन्हाने पेटके येऊन पडत होते. घामातून मीठ जातं आणि नुसतं पाणी पिऊन ते भरून निघत नाही, हे त्या मजुरांतही दिसलं. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकी मरीन दलाच्या पॅरिस आयलंड तळावर रंगरूट उन्हाने कोसळू लागले, तेव्हा ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र धरणारा निर्देशांक निघाला आणि त्यावरून सराव कधी थांबवायचा हे ठरू लागलं. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, हेही अशाच कामांतून पक्कं झालं. चंद्रपूर, अकोला, नागपूरचा पारा ४५च्या पुढे जातो. तूर-कपाशीच्या रानात राबणारी माणसं इथलीच, भरतीसाठी धावणारी पोरंही इथलीच. उष्णतेतल्या श्रमाचा अभ्यास करायला याहून योग्य जागा शोधूनही सापडायची नाही, आणि आमच्या महाविद्यालयांतून त्यावर प्रबंध दिसतो तो क्वचित.

तसंच सिकलसेलचं, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्तातल्या दोषाचं. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीत दिसला आणि १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातली त्याची नोंद छापली. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून हा दोष आलेले, पुष्कळ आहेत. वाहकाला एरवी काही होत नाही. पण १९८७ साली अमेरिकी सैन्यातल्या रंगरुटांचा अभ्यास आला आणि कठोर श्रमात अचानक मृत्यूचा धोका वाहकांत सुमारे २८ पट दिसला. २०१६ साली तिथल्याच कृष्णवर्णीय सैनिकांचा खूप मोठा अभ्यास झाला, त्यात मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही; स्नायू विरघळून जाण्याचा त्रास मात्र वाहकांत दीडपटीच्या आसपास होता. मधल्या काळात सैन्याने सगळ्यांसाठीच पाणी, विश्रांती आणि उन्हाचे नियम कडक केले होते. मी यातून इतकंच घेतो, की वाहक पोराला मैदानाबाहेर काढायचं नाही, मैदान नीट चालवायचं. हे ज्याला समजलं तो शिक्षक झाला नाही तरी गडचिरोलीच्या आश्रमशाळेत, क्रीडा प्रबोधिनीत, भरती अकादमीत लाखमोलाचा आहे.

माझ्याच ग्राउंडवर एका एप्रिलमध्ये एक पोरगा कोसळला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं बरळल्यासारखं. आम्ही त्याला कांदा हुंगवला, सावलीत निजवलं आणि गाडी शोधत बसलो. दवाखाना बावीस किलोमीटर. पोरगा वाचला. पण माझ्याकडे पदवी होती, भिंतीवर फ्रेममध्ये होती, आणि अशा वेळी आधी अंग थंड करायचं, गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवायचं आणि मग हलवायचं, हे मला ठाऊक नव्हतं. परीक्षेत कोणी विचारलं नव्हतं.

आता दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोरांना हे शिकवतो. बापाने आणलेल्या पोरालाही हेच आधी दाखवतो, पदवीचं नंतर बोलतो. मैदानाच्या कडेला ढोरांच्या पाण्याचा सिमेंटचा हौद आहे. जून लागेपर्यंत तो रोज भरून ठेवायची पाळी पोरांनी आपसात वाटून घेतली आहे.