त्रुटिसंदेश

सांगितलेले काम पार पडले नाही, हे वापरकर्त्याला कळवण्यासाठी संगणकप्रणाली पडद्यावर दाखवते तो मजकूर. बोलण्यात ‘एरर मेसेज’ हाच शब्द रूढ आहे.

सुरुवातीच्या संगणकांवर काम करणारे बहुधा त्या विषयातले जाणकारच असत. त्यांना नुसता संकेतांक पुरे. अर्थ हस्तपुस्तिकेत पाहायचा. संगणक घरात आणि कचेरीत आला तरी संदेशांची भाषा बराच काळ तीच राहिली. फ्लॉपी नीट बसली नसली तरी मायक्रोसॉफ्टची जुनी कार्यप्रणाली एमएस-डॉस ‘अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर?’ (सोडून द्यायचे, पुन्हा प्रयत्न करायचा की दुर्लक्ष करायचे?) असे विचारी. कोणता पर्याय निवडल्यास कामाचे काय होईल, हे सांगत नसे. एचपीच्या जुन्या लेसरजेट छपाईयंत्रांवरील ‘पीसी लोड लेटर’ या संदेशात पीसी म्हणजे पेपर कॅसेट आणि लेटर हे कागदाचे माप. ट्रेमध्ये कागद भरा, एवढेच सांगायचे होते.

या विषयाच्या शास्त्रीय मांडणीत अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांचा १९८२ चा निबंध महत्त्वाचा आहे. संदेश नेमका, विधायक आणि सौम्य हवा, असे सांगून ‘इल्लीगल’, ‘फेटल’ अशा शब्दांवर त्यांनी आक्षेप घेतला. संगणकप्रणाली वापरायला किती सोपी आहे हे तपासण्याच्या याकोब नील्सन व रॉल्फ मोलिक यांच्या १९९० च्या निकषांत चांगल्या त्रुटिसंदेशांचा स्वतंत्र समावेश आहे. आज नील्सन यांची १९९४ ची सुधारित यादी अधिक उद्धृत होते. शब्दयोजनेच्या बाबतीत मात्र श्नायडरमन यांचे विवेचन अधिक उपयोगी वाटते.

वेबवर मागितलेले पान सापडले नाही, असे सांगणाऱ्या ‘४०४’ या सर्वपरिचित संकेतांकाच्या उगमाविषयी एक आख्यायिका आहे : जिनीव्हाजवळील सर्न या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेत ४०४ क्रमांकाच्या खोलीत पहिला सर्व्हर होता आणि फाइल न सापडल्यास तिथून तसे उत्तर येई. वेबच्या उभारणीत तिचे जनक टिम बर्नर्स-ली यांचे सहकारी असलेले रॉबर्ट कायो यांनी ही कथा फेटाळली आहे. तीन अंकी उत्तरसंकेतांची पद्धत फाइली पाठवण्याच्या एफटीपी या जुन्या नियमसंचातून आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र अर्थ बदलला. एफटीपीत पहिल्या अंकातील ४ ने तात्पुरते आणि ५ ने कायमचे अपयश दर्शवतात; एचटीटीपी या वेबच्या नियमसंचात ४ म्हणजे मागणाऱ्याकडील चूक आणि ५ म्हणजे सर्व्हरकडील. त्यामुळे संकेतस्थळाच्या चालकाने पान काढून टाकले असले, तरी ४०४ ची गणना मागणाऱ्याच्या चुकांतच होते. पान कायमचे काढल्याचे सांगणारा ४१० हा वेगळा संकेतांक आहे, पण तो क्वचितच दिसतो.

मराठीत संदेश आणताना व्याकरणाची अडचण येते. इंग्रजी साच्यात रिकाम्या जागी कोणतेही नाम बसते. मराठीत फाइल सापडली नाही, फोल्डर सापडला नाही, पान सापडले नाही, अशी तीन रूपे होतात. जीएनयू गेटटेक्स्ट या अनुवादसाधनात वचनाची सोय आहे, लिंगाची नाही. विभक्तीही आड येते : ‘पुणे मध्ये’ हे मराठी नव्हे. ‘या नावाची फाइल सापडली नाही :’ असे लिहून पुढे नाव देणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

‘इन्व्हॅलिड’साठी वापरला जाणारा ‘अवैध’ हा प्रतिशब्द टाळावा. अवैध म्हटले की मराठी वाचकाला वाळूउपसा आणि दारूविक्री आठवते. एक अंक राहून गेला म्हणून कोणाचा मोबाइल क्रमांक अवैध ठरत नाही. ‘मोबाइल क्रमांक १० अंकी हवा, ९ अंक भरले आहेत’ हा संदेश लांब असला तरी चूक कुठे आहे ते दाखवतो. ‘उघडता आली नाही’ या रचनेत दोष कोणावरच जात नाही; मराठीची ही सोय अनुवादकांनी अधिक वापरायला हवी.

नेमकेपणाला एक अपवाद आहे. लॉगिनच्या वेळी वापरनाव चुकले की पासवर्ड, हे मुद्दाम सांगत नाहीत. सांगितल्यास कोणती खाती अस्तित्वात आहेत हे परक्याला कळते.

दृष्टिहीनांसाठी, वेब सुलभतेच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चूक मजकुरातून सांगावी लागते. रकान्याची चौकट लाल करणे पुरत नाही.