हाडाची गाठ आणि कोलॅजेनची पावडर: एक खुलासा

सांगली-मिरजेत दवाखान्यांच्या बाहेर पेशंटच्या नातेवाइकांना हमखास मिळणारा सल्ला: ‘हाडातलं कोलॅजेन संपलं की गाठ होते. पावडर सुरू करा, पायाचा रस्सा पाजा.’ हे चूक आहे, आणि त्यात उपचाराचे मोलाचे दिवस जातात.

खरं तर काही गाठी स्वतःच कोलॅजेन, म्हणजे हाडाला आणि कूर्चेला बळकटी देणारं प्रथिन, तयार करतात. निरोगी हाडाच्या सेंद्रिय भागात सुमारे ९० टक्के कोलॅजेन असतं, बहुतेक टाइप १ या प्रकारचं. ऑस्टिओसार्कोमा हा मुख्यतः किशोरवयात, बऱ्याचदा गुडघ्याजवळ होणारा कर्करोग. त्याच्या पेशी कच्चं हाड बनवतात, त्यातही प्रामुख्याने टाइप १ असतं. कॉन्ड्रोसार्कोमा हा हाडाचा दुसरा कर्करोग कूर्चेसारखा पदार्थ बनवतो, म्हणून तिथे टाइप २ ठळक दिसतं. युइंग सार्कोमा या हाडाच्या आणखी एका कर्करोगाच्या पेशी मात्र असं काही फारसं बनवत नाहीत.

तरीही केवळ टाइप पाहून निदान होत नाही. ऑस्टिओसार्कोमाच्याच एका प्रकारात कूर्चाही भरपूर असते. म्हणून एक्स-रे, एमआरआय आणि बायोप्सी एकत्र पाहावी लागते. हा फरक महत्त्वाचा, कारण ऑस्टिओसार्कोमात सहसा केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया दोन्ही लागतात, तर नेहमीच्या कॉन्ड्रोसार्कोमावर केमो फारशी चालत नाही. तिथे मुख्य आधार शस्त्रक्रियेचाच.

आणि पावडर? पोटात गेलेलं कोलॅजेन पचून अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होतात. त्याने गाठ विरघळत नाही. रस्सा आवडीने प्यावा, औषध म्हणून नको. मुलाचा गुडघा रात्री ठणकत असेल, सूज वाढत असेल, तर मुका मार समजून चोळत बसू नका. आधी एक्स-रे काढा.